बोदिलच्या हातातला दोर

लामरनं कोठारात ठेवलेल्या पुतळ्यावरचं कापड झटक्यात ओढलं आणि दोन पावलं मागं सरकून तो म्हणाला, "बघ! आता बोल!"

नेल्डानं बघितलं. ब्राँझची एक बाई उभी होती. डोक्याला झालरीची टोपी, अंगात पायघोळ झगा, हातात दोर. दोराचं दुसरं टोक एका गाईच्या गळ्यात. समोर दाढीवाला उंच पुरुष, हात पुढं केलेला. बाई दोर त्याच्या हातात देत होती आणि हसत होती. शेजारणीला वाटीभर साखर देताना बाई हसते, तसं.

खाली चौथऱ्यावर अक्षरं कोरलेली होती. 'दान'.

"हिचे दात दिसतायत," नेल्डा म्हणाली.

"काय?"

"दात. बोदिलआजीचे पुढचे दात गाय गेली त्याच हिवाळ्यात पडले. खायलाच नव्हतं काही, हिरड्या सडल्या. तुझ्या मूर्तिकारानं सगळे परत बसवून दिले."

लामर हसला. तो कशालाही हसायचा. आयुष्यभर त्यानं विमा विकला होता, आणि समोरचा काहीही बोलला तरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून आधी हसायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आत्ताही त्याचा गुबगुबीत, पुदिन्याच्या गोळीचा वास येणारा हात नेल्डाच्या खांद्यावर आला. तिनं खांदा काढून घेतला.

विलोफोर्ड हे युटातलं लहानसं गाव. दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात टर्कीच्या कोंबडवाड्या, गवताची शेतं, आणि निम्म्या घरांवर पिकेट हे एकच आडनाव. सगळे ऑर्सन पिकेटचे वंशज. ऑर्सननं दीडशे वर्षांपूर्वी इथं पहिला पाट खणला, आणि इथल्या मॉर्मन पंथाच्या त्या काळच्या रीतीप्रमाणं दोन बायका केल्या. थोरली सफ्रोनिया गावातल्या लाकडी घरात राहिली. धाकटी बोदिल डेन्मार्कहून आलेली. सामानाची हातगाडी ओढत अख्खं माळरान तुडवून आलेली पोर. तिला त्यानं वरच्या माळावर, झऱ्याजवळ, टेकडीच्या पोटात खणलेल्या बिळात नेऊन ठेवलं. कोणीतरी राहत असल्याशिवाय त्या झऱ्यावर हक्क सांगता येत नव्हता. म्हणून ठेवलं.

लामर सफ्रोनियाच्या वंशातला. नेल्डा बोदिलच्या.

"तुझ्या आजीचाच तर मान करतोय आपण," लामर म्हणाला. "इतकी वर्षं सगळं ऑर्सन, ऑर्सन. म्हटलं, या खेपेला बोदिलआजीला पुढं आणू. सफ्रोनियाआजीचं दूध आटलं होतं, बाळ मरायला टेकलं होतं, आणि या बाईनं आपली एकुलती एक गाय देऊन टाकली. सवतीच्या पोरासाठी! असं कोण करतं गं आज?"

"दिली नाही तिनं. ऑर्सननं ओढून नेली."

"हे तुमच्या घरात सांगतात."

"आमच्या घरात सांगतात, कारण आमच्या घरातलं कोणीतरी तिथं होतं."

होतंच. नेल्डाची आजी हान्सिना, बोदिलची मुलगी, त्या हिवाळ्यात पाच वर्षांची होती. ती पुढं खूप जगली, आणि नेल्डा शाळकरी असेपर्यंत होती. घरामागच्या छपरात टर्क्यांची पिसं उपटायला दोघी समोरासमोर बसायच्या. गरम पाण्याची वाफ, ओल्या पिसांचा तो डोक्यात जाणारा वास, आणि हान्सिनाआजीचा सपाट आवाज. रडणं नाही, सुस्कारा नाही. गाय बोदिलची स्वतःची होती. एका घरी वर्षभर माग चालवून तिनं ती मिळवली होती. जानेवारीत ऑर्सन घोड्यावरून आला आणि गाय सोडायला लागला. बोदिलच्या अंगावर तेव्हा तान्हं मूल होतं. तिचं स्वतःचं दूध केव्हाच गेलं होतं. ती पोरं त्या गाईवर जगत होती. तिनं दोर मुठींना गुंडाळून घेतला. त्यानं घोडा पुढं काढला. ती पालथी पडली आणि बर्फातून फरफटत गेली, झऱ्यापर्यंत. तिथं दोर सुटला. हान्सिना दारात उभी होती. फेब्रुवारीत तान्हं गेलं.

आणि हा माणूस त्याला 'दान' म्हणत होता.

"बिल चुकतं झालंय," लामर म्हणाला. "चोवीस जुलैला, पहिल्या वसाहतकऱ्यांच्या दिवसाची मिरवणूक संपली की लगेच अनावरण. कापड तू ओढायचंस. तुमच्या शाखेत आता तूच मोठी. दोन शब्द बोल. गोड बोल हं, पोरंबाळं असतील."

"आणि मेलेलं पोर? ते कुठाय पुतळ्यात?"

लामरनं आवाज खाली आणला. चर्चमध्ये कोणाच्या घटस्फोटाचा विषय निघाला की तो असाच आवाज खाली आणायचा.

"नेल्डा, त्याची नोंदच नाही कुठं. मी कुलवृत्तांताचं पुस्तक करतोय, तुला माहीतच आहे. बोदिलला एकच मूल, हान्सिना. दुसऱ्याचा पुरावा काय? आणि असला तरी... सहलीला आलेल्या लोकांना हे सांगायचं? बटाटे खाता खाता?"

नेल्डा बाहेर पडली आणि गाडीत बसून काच खाली करून कितीतरी वेळ नुसती वारा घेत राहिली. तिनं चाळीस वर्षं टर्क्या पाळल्या होत्या. विष्ठा, रोगानं मेलेल्या पक्ष्यांचे ढीग, उन्हाळ्यात त्यातले किडे, सगळं हातानं उपसलं होतं. कधी मळमळलं नव्हतं. त्या हसऱ्या ब्राँझच्या तोंडानं मळमळलं.

पुढच्या आठवड्यात जिथं जाईल तिथं तेच. वाण्याच्या दुकानात 'बोदिलआजीची साय' नावाचं आइस्क्रीम आलं, डब्यावर तीच टोपी, तेच हसू. चर्चमध्ये मुलींना झालरीच्या टोप्या शिवायला शिकवत होते. पिकेटांची एक सून कौतुकानं म्हणाली, "नेल्डामावशी, किती गोड बाई असेल नाही ती?" नेल्डा म्हणाली, "गोड? ती नवऱ्याशी मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तो मेला त्या दिवशी ती मेंढ्यांची लोकर कातरत होती. मयतीचा निरोप घेऊन माणूस आला, तर म्हणाली, मेंढी धर." सून कसंनुसं हसली आणि टोपीच्या झालरीला टाके घालत राहिली.

आपल्या घरचं आपण सांगून उपयोग नाही, हे नेल्डाला कळून चुकलं. तिकडच्या, सफ्रोनियाच्या घरात काय सांगत होते? तिकडचं जुनं माणूस एकच उरलं होतं, लामरची आत्या लीथा. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. गाय ज्या बाळासाठी नेली, ते बाळ म्हणजे लीथाचा बाप. म्हातारपणी त्याला ही शेवटची मुलगी झाली होती.

लीथाआत्या खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पिवळ्या खिरीची वाटी, न खाल्लेली.

"कोण? टर्कीवाली नेल्डा का?"

"हो आत्या, टर्कीवालीच."

"तरीच म्हटलं, वास ओळखीचा कसा येतोय." ती खिदळली. "बस. ही खीर खा. मला मारायला देतात."

नेल्डा बसली. इकडचं तिकडचं झालं. मग तिनं पुतळ्याचं सांगितलं. लीथाआत्या ऐकत होती. तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळत होती, जरी तोंडात काही नव्हतं.

"हसतीय?" तिनं विचारलं.

"दात काढून."

"हा लामर पोरगा असताना बाहीला नाक पुसायचा. आता पुतळ्यांना पुसतोय." तिनं खिरीची वाटी मांडीवर फिरवली. "सफ्रोनियाआजी आमच्याच घरात वारली. मी लहान होते. ती दूध प्यायची नाही, तुला माहितीय? चहात नाही, पावाला लोणी नाही. आम्हाला वाटायचं, पोटाचा त्रास असेल. पुढं आईनं सांगितलं मला. आजीनं मरताना सगळं आईपाशी ओकलं होतं."

"काय सांगितलं?"

"गाय आली तेव्हा दोर लाकडासारखा ताठ होता. रक्त गोठलेलं त्यावर. आजीनं विचारलं, हे काय? ऑर्सन म्हणाला, गाईनं हिसके दिले. आजी म्हणाली, गाईच्या मानेवर तर ओरखडासुद्धा नाही. तो जेवायला बसला."

"आणि आजी?"

"आजी बसली धार काढायला. काय करणार? पोर रडत होतं." लीथाआत्यानं वाटी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. "पण खरी घाण अजून पुढंच आहे. शेजाऱ्यांकडं गाई होत्या, नेल्डा. त्याच गल्लीत. लोटीभर दूध कोणीही दिलं असतं. पण हा चर्चमधला मोठा माणूस. दुसऱ्याच्या दारात भांडं घेऊन उभं राहणं म्हणजे त्याच्या नाकाला मिरच्या. बायकोची गाय ओढून आणणं सोपं. त्यात कोणाला विचारायचं नव्हतं."

नाइलाज झाला असेल, दोन पोरांतलं एकच जगणार असेल, त्यानं एक निवडलं असेल, असं नेल्डा इतकी वर्षं रागाच्या भरातही कुठंतरी धरून होती. तेवढी सूट तिनं त्या माणसाला दिली होती. आता तीही गेली. एका पुरुषाला शेजाऱ्याकडं दूध मागायची लाज वाटली, म्हणून एक पोर उपाशी मेलं. त्याच माणसाच्या कबरीवरचा दगडी खांब गावच्या स्मशानात सगळ्यात उंच होता, आणि दर वर्षी ती त्याच्या पायाशी फुलं ठेवलेली बघत आली होती.

"किळस येते ना?" लीथाआत्या म्हणाली. "मला जन्मभर येतीय. आणि मी तर त्याच दुधावरची. माझा बाप त्यावर वाढला. लामरचं ते गोल पोट, तेही तिथूनच आलंय. थुंकावं तर कोणावर थुंकावं?"

"लामरला सांगितलंत कधी?"

"त्यानं विचारलं कधी? तो येतो, फोटो काढतो, जातो." तिनं खुर्चीचं चाक जरा पुढं ढकललं. "चोवीस तारखेला मला ने तिकडं. मी बोलते."

चोवीस जुलैला ऊन कडक होतं. मिरवणुकीत ट्रॅक्टर, घोडे, हातगाड्या ओढणारी पोरं आणि टोप्याच टोप्या. पार्कात लांब मेजांवर चीज घालून भाजलेले बटाटे, गाजराचा किस घातलेली हिरवी जेली, टर्कीचे तुकडे. प्रत्येक मयतीला असतं तेच जेवण, फक्त माणसं हसत होती. नेल्डा लीथाआत्याची खुर्ची ढकलत पुढं आली.

"वा! आत्यासुद्धा!" लामर माइकमधून म्हणाला. "दोन्ही घरं एकत्र! नेल्डा, ये, ओढ कापड."

"मी ओढणार नाही," नेल्डा म्हणाली. माइकपासून लांब होती, म्हणून ते फक्त लामरला ऐकू गेलं. तो हसला, आणि स्वतःच्या नातीला पुढं करून तिच्याकडून कापड ओढवून घेतलं. टाळ्या पडल्या. ब्राँझ उन्हात चमकलं. कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, किती प्रेमळ चेहरा!"

"आत्याला बोलायचंय," नेल्डा म्हणाली आणि लामरच्या हातातून माइक काढून तिनं म्हातारीच्या तोंडाशी धरला.

लीथाआत्या बोलली. नीट बोलली, एकही गोष्ट न गाळता. पण तिच्या तोंडात दात नव्हते, आवाज फाटका होता, माइक मधेमधे शिट्टी मारत होता, आणि मागं लहान मुलं कारंज्यात ओरडत होती. "ही हसत नव्हती," ती म्हणाली. "तिचं पोर मेलं. माझा बाप ते दूध प्यायला, आणि तिचं पोर मेलं. आमच्या आजीनं रक्त बघितलं आणि धार काढली. शेजारी गाई होत्या." लोक मान कलती करून ऐकत होते, तोंडावर ते खास म्हाताऱ्यांसाठीचं हसू. त्यांच्या कानांवर पडलं ते एवढंच. गाय, दूध, बाप, आजी. लीथाआत्या थांबली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "या वयात किती आठवणी आहेत बिचारीला!" बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि पोरं आइस्क्रीमच्या डब्यांकडं पळाली.

लीथाआत्यानं नेल्डाकडं बघितलं. "काय झालं? टाळ्या का वाजवतायत हे?"

कोणीतरी नेल्डाच्या हातात वाटी कोंबली. पांढरं, वितळायला लागलेलं, गोड वासाचं. वाटीवर ते तोंड हसत होतं. ती मेजामागून चालत पार्कच्या कडेच्या पाटाशी गेली, गुडघ्यांवर बसली, आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं तिनं ऑर्सन पिकेटनं खणलेल्या पाटात ओकलं. मागून कोणीतरी म्हणालं, "ऊन लागलं बाईंना. सावलीत घ्या."

पण एका माणसाला नीट ऐकू गेलं होतं. लामर माइकपासून हातभर अंतरावर उभा होता. नेल्डा परत आली तेव्हा तो लीथाआत्याच्या खुर्चीपुढं वाकला होता आणि पहिल्यांदाच हसत नव्हता.

"आत्या, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"आता सांगितलं ना. आता ऐक. त्या पोराचं नाव तुझ्या पुस्तकात गेलं नाही, तर माझंही नाव काढ. माझ्या बापाचंही काढ. आम्ही कोणीच जन्मलो नाही असं लिही."

"त्याचं नाव कोणाला माहितीय पण?"

लीथाआत्यानं बोटानं नेल्डा दाखवली.

पुतळा कोणी हलवला नाही. पिकेटांची बैठक भरली, त्यात बरंच काही बोललं गेलं. शेवटी इतकंच ठरलं की चौथऱ्यावरचा 'दान' हा शब्द तसाच राहू दे, लोकांना आवडलाय. नेल्डा त्या पार्कात परत गेली नाही. वाण्याकडं ती मागच्या दारानं जायला लागली, म्हणजे आइस्क्रीमचा फ्रीज दिसणार नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी लामर तिच्या दारात आला. बगलेत कागदांची जाड फाइल, कपाळावर घाम. नेल्डानं जाळीचं दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. ती बाहेर येऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसली. त्याला उभंच ठेवलं.

"पुस्तक छापायला जायचंय," तो म्हणाला. "नाव सांग."

"येप्पे. येप्पे पिकेट. बोदिलच्या बापाचं नाव ठेवलं होतं."

त्यानं लिहिलं. कसं लिहायचं ते दोनदा विचारलं. तिनं अक्षरं सांगितली.

"जन्म?"

"बटाटे काढायच्या वेळचा. ऑक्टोबर असेल."

"मृत्यू फेब्रुवारी, हे माहितीय. कारण..." तो पुटपुटत लिहायला लागला. "कडक हिवाळा."

"खोड ते."

"नेल्डा..."

"हिवाळा सगळ्यांनाच होता. तुझ्या आजोबांनाही होता, ते जगले. भूक लिही."

"पोरं वाचतील गं हे पुस्तक. शाळेत नेतील."

"नेऊ देत."

लामरनं पेन कागदावर टेकवलं आणि नुसतं धरून ठेवलं. त्याच्या गळपट्टीवर घामाची रेघ होती. नेल्डाला त्याची दया आली नाही. उलट, हा माणूस एक शब्द लिहायला इतका घाबरतो, याचाच तिला तिटकारा आला. तोच ऑर्सन, फक्त दाढी नाही. कोणाच्या दारात खाली मान घालून उभं राहायची लाज.

मग तिच्या लक्षात आलं, की तो तिच्या दारात उभाच आहे.

त्यानं लिहिलं. तिनं वाचायला लावलं. तो पुटपुटला. "मोठ्यानं," ती म्हणाली. त्यानं मोठ्यानं वाचलं. "येप्पे पिकेट. भुकेनं मेला."

"कुठं पुरलं?" त्यानं विचारलं. "निदान जागा लिहितो."

हे नेल्डानं कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, मुलांनाही नाही. हान्सिनाआजीनं ते एकदाच सांगितलं होतं, मरायच्या आधीच्या हिवाळ्यात, आणि सांगून झाल्यावर हात साबणानं कोपरापर्यंत धुतले होते.

"पुरता आलं नाही," ती म्हणाली. "जमीन गोठली होती. बोदिलकडं फावडंही नव्हतं. खाली ठेवलं असतं तर कोल्हे आले असते. तिनं त्याला आपल्या एप्रनमध्ये गुंडाळलं आणि बिळाच्या छतावर, बर्फात ठेवलं. वर दगड रचले. आणि खाली दोघी राहिल्या. हान्सिना पाच वर्षांची. रात्री निजली की तिला माहीत असायचं, भाऊ वर आहे, डोक्याच्या बरोब्बर वर. वारा सुटला की तिला वाटायचं, तो हलतोय. बर्फ वितळायला लागलं तसं छतातून पाणी ठिबकायला लागलं. बोदिल भांडं लावायची, आणि ते पाणी पोरीला पिऊ द्यायची नाही. झऱ्यावर पाठवायची, कितीही थंडी असो. एप्रिलमध्ये जमीन मऊ झाली, तेव्हा पुरलं. झऱ्याच्या वरच्या अंगाला."

लामरचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यानं ओसरीचा खांब धरला. काहीतरी गोड, गुळगुळीत बोलायला त्यानं ओठ हलवले, नेल्डानं ते बघितलं. पण त्यानं तोंड मिटलं आणि हाताच्या उलट्या बाजूनं पुसलं.

"हे पण लिहू?" त्यानं विचारलं.

"सगळं लिही."

"उभ्यानं जमायचं नाही, नेल्डा."

तिनं भिंतीशी ठेवलेलं टर्कीच्या खाद्याचं उलटं लाकडी खोकं पायानं त्याच्याकडं सरकवलं. लामर त्यावर बसला, फाइल गुडघ्यावर घेतली आणि मान खाली घालून लिहायला लागला. तो एखाद्या शब्दाशी अडखळला, की ती परत सांगायची, तसाच्या तसा, एकही शब्द मऊ न करता.